उशिरा आलेला खेळ आणि पहिल्या दिवसाची घाई



आजचा प्रश्न दिसायला लहान आहे. कन्सोलवर वर्षा-दोन वर्षांपूर्वी येऊन गाजून गेलेला एखादा खेळ आता पीसीवर येतो आहे. तो पहिल्याच दिवशी विकत घ्यावा, की थांबावं? समोर बारामतीच्या कॉलेजांतली मुलंमुली बसली आहेत, इंदापूर, भिगवण, वालचंदनगरकडून एसटीने येणारी बसली आहेत. त्यांच्यासाठी हा तीन-चार हजार रुपयांचा प्रश्न आहे, म्हणजे मेसच्या महिन्याच्या बिलाच्या आसपासचा. तेव्हा लहान म्हणून तो सोडून द्यावा असं आम्हाला वाटत नाही.

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम, असं कोणी विचारेल. काम आहे. हा प्रश्न खेळाचा कमी आणि पुराव्याचा जास्त आहे. न पाहिलेल्या वस्तूवर, कोणाच्या शब्दावर, किती भरवसा टाकायचा, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. न्यायदर्शनाने त्यावर शतकानुशतकं डोकेफोड केली आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट पाहत बसायला नको. (हशा) उशिरा आलेला पोर्ट पहिल्या दिवशी घेऊ नये. पहिल्या दिवशी घ्यायला जे एक चांगलं कारण असू शकतं, ते त्या खेळाच्या उशिरा येण्यातच संपलेलं असतं. याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्या पुण्यातलाच आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

ज्येष्ठ मंडळींसाठी दोन शब्द समजावून सांगतो. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं, मुख्यतः खेळांसाठीच बनवलेलं यंत्र. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स ही त्याची नावं. पीसी म्हणजे आपला नेहमीचा संगणक किंवा लॅपटॉप. एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालेल असा पुन्हा बांधायचा, त्याला पोर्ट म्हणतात. कथा तीच, पात्रं तीच, चित्रंही तीच. बदलतो तो खालचा पाया.

बारामतीकरांना ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. मोरोपंत, १७२९ ते १७९४, आयुष्याचा मोठा काळ याच गावात राहिले. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे राहून त्यांनी संस्कृतातलं महाभारत मराठी आर्येत आणलं, ते आर्याभारत. आता बघा, त्यांच्या श्रोत्यांना कर्णाचं पुढे काय होतं हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला कथा पाठच असायची. तरी तो येत होता, आणि ऐकताना तपासत होता ते एवढंच, की मराठीत आल्यावर ही कथा उभी राहते का, आर्या कुठे अडखळते का. मूळ ग्रंथाची परीक्षा होऊन गेलेली होती. आता परीक्षा होती रूपांतराची.

नेमकी हीच गोष्ट पोर्टच्या बाबतीत आपण विसरतो. 'गॉड ऑफ वॉर' उत्तम खेळ आहे, हे २०१८ सालीच ठरलं. पण तो निकाल प्लेस्टेशन ४ वरच्या खेळाचा होता. १४ जानेवारी २०२२ ला जो पीसीवर आला, त्याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. तो चांगला लागला, ही गोष्ट वेगळी. जाहिरात मात्र जुना निकाल नव्या वस्तूला चिकटवते. ट्रेलरमध्ये चार वर्षांपूर्वीच्या परीक्षणांतले तारे झळकतात. मूळ ग्रंथाला मिळालेली दाद भाषांतराच्या मुखपृष्ठावर छापण्यासारखंच हे झालं.

पोर्ट बिघडतो का, हेही थोडक्यात पाहू. कन्सोल बनवणारा एकच यंत्र लाखोंच्या संख्येने बनवतो. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी मेमरी आहे आणि ती प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांनी मिळून वापरायची असते. खेळ लिहिणाऱ्याला घरात काय आहे, कुठे ठेवलंय, सगळं माहीत असतं. पीसीमध्ये साधी मेमरी वेगळी, ग्राफिक्स कार्डाची वेगळी, आणि प्रत्येकाच्या घरी मांडणी निराळी. इंजिनिअरिंगच्या मुलाकडे जो लॅपटॉप असतो, त्याच्या ग्राफिक्स कार्डात चार, सहा, फार तर आठ जीबी. शिवाय शेडर नावाचा प्रकार आहे. पडद्यावर प्रकाश, सावली, पाणी कसं रंगवायचं, याच्या त्या छोट्या सूचना. कन्सोलचं यंत्र एकच असल्याने त्या आधीच तयार करून देता येतात. पीसीवर त्या तुमच्या कार्डानुसार तुमच्याच मशीनवर तयार कराव्या लागतात. ते काम नीट आखलेलं नसेल तर ऐन लढाईत चित्र अडकत अडकत चालतं.

याचं ठळक उदाहरण 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'. मूळ खेळ २०१३ चा, प्लेस्टेशन ३ वरचा. त्याची नव्याने बांधलेली आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आली. पीसीसाठी आधी ३ मार्च २०२३ ही तारीख दिली होती, मग ती पुढे ढकलून २८ मार्च केली. मधल्या काळात, जानेवारी ते मार्च, एचबीओची त्याच कथेवरची मालिका जगभर गाजली. लोक उत्सुक होते, वातावरण तापलेलं होतं. आणि खेळ उघडल्यावर काय? शेडर तयार होताहेत, थांबा. कोणाला अर्धा तास, कोणाला त्याहून जास्त. त्यानंतरही खेळ मध्येच बंद पडायचा, आणि आठ जीबीच्या कार्डांवर वरच्या दर्जाचं चित्र पेलायचं नाही. पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत दुरुस्त्या येत गेल्या आणि खेळ पुष्कळ सुधारला. म्हणजे जो थांबला त्याला चांगली वस्तू मिळाली, बहुधा कमी पैशांत. जो धावला त्याने जास्त पैसे देऊन कच्ची वस्तू घेतली.

यावर आमचे विद्यार्थी म्हणतात, "सर, कंपनी बघून घ्यावं ना. चांगल्या कंपनीचा पोर्ट चांगलाच निघणार." हे झालं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे, असं आपण म्हणतो, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती पक्की आहे. कंपनीचं नाव आणि पोर्टचा दर्जा यांच्यात अशी व्याप्ती आहे का, ते तपासूया.

रॉकस्टार कंपनीचा 'जीटीए पाच' कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर १४ एप्रिल २०१५ ला. पोर्ट उत्तम. लोकांनी नाव लक्षात ठेवलं. त्याच कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आणि ५ नोव्हेंबर २०१९ ला पीसीवर आला, आणि पहिल्या दिवसांत कित्येकांना तो नीट सुरूसुद्धा करता येईना. दुसरी जोडी पाहा. नेदरलँड्समधली निक्सेस ही कंपनी पोर्टच्या कामात वाकबगार म्हणून ओळखली जाते. सोनीने २०२१ मध्ये ती विकत घेतली. तिने ऑगस्ट २०२२ मध्ये पीसीवर आणलेला 'स्पायडर-मॅन' वाखाणला गेला. मे २०२४ चा 'घोस्ट ऑफ सुशिमा'ही. मग ३० जानेवारी २०२५ ला 'स्पायडर-मॅन २' आला आणि सुरुवातीलाच खेळ बंद पडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. सुतार तोच, हत्यारं तीच, तरी एखादं दार वाकडं बसतं. व्याप्ती तुटली. कंपनीच्या नावावरून अंदाज बांधता येतो, पण तीन-चार हजार रुपये लावावेत इतका तो पक्का नसतो.

अनुमान गेलं तर शब्दप्रमाण उरतं. म्हणजे परीक्षकांचं मत. न्यायाची अट अशी, की बोलणारा आप्त हवा. त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि खरं सांगायची त्याची इच्छा असावी. बहुतेक परीक्षकांच्या इच्छेबद्दल आमची शंका नाही. अडचण जाणण्याची आहे. कोणती आवृत्ती त्यांच्या हाती आधी द्यायची, हे विकणारा ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा आगाऊ प्रती दिल्या त्या पीसीच्या. जुन्या कन्सोलवर तो खेळ किती मोडकळलेला आहे, हे विक्री सुरू झाल्यावर कळलं, आणि आठ दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. इथे दिशा उलटी होती, पण धडा तोच. परीक्षकाने एका यंत्रावर पाहिलेलं दुसऱ्या यंत्राला लागू पडत नाही. शिवाय परीक्षकाचं मशीन बहुधा महागडं असतं. तुमच्या लॅपटॉपवर काय होईल, हे तुमच्यासारखाच लॅपटॉप असलेला माणूस सांगू शकतो. आणि तो माणूस पहिल्या दिवशी बोलायला उपलब्ध नसतो. तो आठवड्याने, पंधरवड्याने बोलतो.

राहिलं प्रत्यक्ष. स्वतः घ्यावं, पाहावं, नाही आवडलं तर परत करावं. स्टीमवर २०१५ पासून ही सोय आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. सोय चांगली आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण ती कोणाच्या उपयोगाची, हे गावोगावचं वेगळं आहे. या खेळांचा आकार १०० जीबीच्या घरात असतो, 'रेड डेड' तर १५०. बारामतीत चाळीस एमबीपीएसचं फायबर असेल तर १०० जीबी पाच-सहा तासांत उतरतात. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर, जिथे सगळा कारभार मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर चालतो, तिथे हिशोब करा. पन्नास दिवस! चौदा दिवसांची मुदत संपते तेव्हा पाव-तीस टक्के खेळ उतरलेला असतो. दुकानदार म्हणतो, कापड घरी नेऊन बघा, नाही आवडलं तर परत आणा. पण घरी पोचायलाच दीड महिना लागतो! (हशा) शिवाय दोन तासांचं घड्याळ खेळ उघडला की चालू होतं. शेडर तयार होण्यात अर्धा-पाऊण तास गेला, तर तोही त्यातच मोजला जातो. तेव्हा ज्याची लाईट आणि लाईन दोन्ही बेभरवशाची, त्याने तर मुळीच घाई करू नये. तोवर सुरुवातीच्या दुरुस्त्या मुख्य खेळातच मिसळलेल्या असतात, पुन्हा पुन्हा उतरवून घ्याव्या लागत नाहीत.

इथपर्यंत आपण धोका मोजला. आता घाईचं कारण पाहू. कारण धोका असूनही माणूस काही गोष्टी पहिल्या दिवशी करतो, आणि बरोबर करतो. नाटकाचा पहिला प्रयोग पाहायला जातो. वर्ल्ड कपची फायनल दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर पाहणं म्हणजे शिळी भाकरी. पहिल्या दिवसाचं मोल हे की आपण सगळ्यांच्या बरोबर असतो. कोणालाच शेवट माहीत नाही, सगळे एकदमच थक्क होतात, दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तीच चर्चा. हे मोल खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला, आणि तो मित्रांनी मिळून खेळायचा खेळ. तिथे पहिल्या आठवड्यात घेणाऱ्याला आम्ही बोल लावणार नाही.

उशिरा आलेल्या पोर्टमध्ये मात्र हा सोहळा दुसऱ्यांच्या घरी कधीच पार पडलेला असतो. 'होरायझन झिरो डॉन' पीसीवर आला ऑगस्ट २०२० मध्ये, कन्सोलनंतर जवळजवळ साडेतीन वर्षांनी. तोवर त्याची कथा, शेवट, सगळं यूट्यूबवर पडलेलं होतं. जो साडेतीन वर्षं थांबला, त्याने आणखी तीन महिने थांबल्याने काय बिघडतं? आणि हाही पोर्ट सुरुवातीला अडखळत होता, नंतरच्या दुरुस्त्यांनी सावरला. मोरोपंतांच्या श्रोत्याला शेवट माहीत असल्याने रस कमी झाला नाही. आर्या चांगली असेल तर रस तिथेच होता. तसंच इथे. जुनी कथा तुम्हाला आज जेवढं देईल, तेवढंच सहा महिन्यांनी देईल. अडकणारं चित्र मात्र तो रस मारतं. म्हणून थांबण्याने खेळातलं काही हरवत नाही. उलट खेळ जसा बांधला तसा मिळण्याची शक्यता वाढते.

आता एक गंभीर आक्षेप. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो, कारण तो नीतीचा आहे. "सगळेच थांबले तर? पहिल्या दिवशी विक्री झाली नाही, तर कंपनी पुढचा पोर्ट करणारच नाही." कांट म्हणेल, जो नियम सगळ्यांनी पाळलेला तुम्हाला चालणार नाही, तो स्वतः पाळू नका. सगळे थोडेच थांबणार आहेत, असं म्हणून यातून सुटता येईल, पण तो प्रामाणिक मार्ग नाही. तेव्हा खरंच सगळे थांबले असं धरू. काय होईल?

या भागातला शेतकरी उसाचं नवं बेणं आलं की काय करतो? चार एकर एकदम लावत नाही. दोन गुंठ्यांवर लावून बघतो, शेजाऱ्याचा फुटवा बघतो, उतारा किती पडला ते विचारतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नवा वाण वर्षानुवर्षं चाचणीच्या प्लॉटवर काढतात, मग शिफारस करतात. शेतकरी थांबतो म्हणून नवे वाण यायचे बंद झाले का? नाही. तो डोळे झाकून घेत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच चाचणी करावी लागते. खेळाचंही तसंच होईल. सगळे थांबले तर विकणाऱ्याला खेळाचा पहिला तास फुकट चाखायला द्यावा लागेल, पीसीच्या प्रती परीक्षकांना वेळेवर द्याव्या लागतील, तारीख पुढे ढकलावी लागेल. नियम सर्वांनी पाळला तर जग वाईट होत नाही, बरं होतं. उलट सगळे धावले, तर चाचणीचा खर्च गिऱ्हाइकावर टाकायची सवय पक्की होते. मोठ्या कंपनीने त्या खेळावर कन्सोलवर आधीच कमावलेलं असतं. धोका पेलायची ताकद तिच्यात आहे, मेसचं बिल थकवणाऱ्या मुलात नाही.

दुसरा आक्षेप असा, की बिघडलेला पोर्ट लोकच दुरुस्त करतात. खरं आहे. २०१२ मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला तो बेताच्या रिझोल्यूशनला बांधलेला, आणि ड्युरांते या टोपणनावाच्या एका खेळाडूने जवळजवळ लगेच त्यावर उतारा काढून सर्वांना फुकट दिला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण गळकं छप्पर शेजाऱ्याने शाकारून दिलं, म्हणून घर विकणाऱ्याला शाबासकी द्यायची नसते.

आता अपवाद. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ केला. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो पुरा पडला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. खेळ १८ ऑगस्ट २०२० ला आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. म्हणजे हाही उशिरा आलेला पोर्टच. आमचा नियम इथे लावावा का?

आमच्या मते नाही, आणि त्याचं कारण पुण्याचा अभिमान हे नाही. तीन गोष्टी बदलतात. उशीर दोन महिन्यांचा आहे, तेव्हा चर्चा अजून शिळी झालेली नाही. खेळ लहान आहे, किंमत मोठ्या खेळांच्या मानाने कमी, म्हणजे फसलो तरी नुकसान बेताचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, अशा संस्थेसाठी पहिल्या महिन्याची विक्री म्हणजे पुढचा खेळ होणार की दुकान बंद होणार, याचा फैसला असू शकतो. इथे पहिल्या दिवशी घेणारा गिऱ्हाईक कमी आणि आश्रयदाता जास्त असतो. बाबूजी नाईकांनी आर्याभारत पुरं होईपर्यंत आश्रय रोखून धरला असता, तर ते पुरं झालं असतं का? फक्त एक पथ्य पाळा. आश्रय द्यायचा तर आश्रय म्हणून द्या. पैसे बुडाले तरी चालतील अशा बेताने द्या, आणि खेळ फसला तर फसला असंच म्हणा. आपला म्हणून वाईट पोर्टला चांगला म्हणणं ही त्याची सेवा नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी खरेदीच्या बटणावर बोट गेलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी आज घेतला नाही, तर नेमकं काय हुकतं? माझ्यासारख्याच मशीनवर हा चालल्याचं कोणी सांगितलंय का? आणि माझ्या पैशाने कोणाचा धोका उचलला जातोय, ज्याला तो पेलवत नाही त्याचा, की ज्याला सहज पेलवतो त्याचा? पहिल्याचं उत्तर 'काही नाही', दुसऱ्याचं 'अजून नाही' आणि तिसऱ्याचं 'सहज पेलवतो त्याचा' असं आलं, तर बोट मागे घ्या. जीटीए सहाची घोषणा झाली तीही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजपुरती. पीसीवाल्यांना हे तीन प्रश्न लागणार आहेत, एवढं नक्की.

परीक्षेनंतर, दुरुस्त्या झाल्यावर, सवलतीच्या दिवसांत तो खेळ घ्या आणि मनसोक्त खेळा. आमच्या पिढीने खेळाला वेळेचा नाश म्हटलं, ते आम्हाला पटत नाही. चांगली कथा कोणत्याही यंत्रातून आली तरी चांगलीच. ती नीट उतरून आली आहे ना, एवढं पाहण्यापुरतं थांबा.

 आता प्रश्न विचारा.